बेचाळिसावी कॅसेट

काकूंना सगळी गल्ली तपासणीकाकू म्हणते. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. उलट कुणी नुसतं काकू म्हटलं, तर आपलं अर्धं नाव सांडलं की काय असं त्यांना वाटतं. तरुणपणी त्यांनी अकरा वर्षं एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. कारखाना बंद पडला त्याला चौतीस वर्षं झाली, पण जित्याची खोड ती, सुटते कशी? बल्ब आणायला गेल्या की दुकानातच लावून बघणार. पाहुण्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर पाहुणे बसलेले असतानाच ते मागे पडतं की पुढे धावतं ते बघणार. आणि जे बघतील त्याची वहीत नोंद करणार.

"आमच्या लग्नाचीही नोंद असेल कुठंतरी," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. "बाह्य स्वरूप बरे. झोपेत आवाज करतो. बदलून मिळणार नाही."

त्या कारखान्यात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बनायचे. करड्या रंगाचा एक डबा, दोन लाल बटणं आणि वरच्या खाचेत बसवायची खेळाची कॅसेट. आज ते डबे कुणाच्या माळ्यावर सापडले तर सापडतात. जे सापडतात ते फिरत फिरत शेवटी काकूंच्या मागच्या खोलीत येतात. तिथं अकरा डबे आहेत, दोनशे सोळा कॅसेटी आहेत आणि प्रत्येकीचं एक कार्ड आहे. वजन किती, स्क्रू किती, त्यातले मूळचे किती, आतल्या चिपवर कोणता नंबर, आणि मागच्या बाजूला कुण्या पोरानं खिळ्यानं कुणाचं नाव कोरलंय, हे सगळं त्यावर असतं. काकूंचे नियम दोनच. पहिला, नोंद करायची ती बाहेरून, मागून आणि आतून. आणि दुसरा, आधी नोंद, मग वीज. जुन्या वस्तूला वीज दिल्यावर ती जळून गेली, तर निदान ती कशी होती हे तरी जगाला कळलं पाहिजे.

हे सगळं त्या कशासाठी करत होत्या, ते मात्र कार्डावर नव्हतं. कारखान्यानं एकूण एक्केचाळीस खेळ बाजारात आणले. काकू बेचाळिसावा शोधत होत्या.

तो खेळ त्यांच्या दादानं बनवला होता. दादा त्याच कारखान्यात, जिन्याखालच्या एका खोलीत बसून खेळ लिहायचा. बेचाळिसाव्याचं नाव 'गवंडी'. एक छोटासा गवंडी वीट वीट रचत मजले चढवतो, कबुतरं येऊन विटा पाडतात, पाऊस कालवलेला चुना वाहून नेतो, मुकादम शिट्ट्या मारतो. या दोघांचे वडील गवंडीच होते. आयुष्यभर लोकांची घरं बांधून स्वतः भाड्याच्या खोलीत गेले. म्हणून दादानं त्यात जीव ओतला होता.

एका बुधवारी दुपारी काकूंनी तो खेळ तपासला. कारखान्याची पद्धत अशी, की खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघितल्याशिवाय पास म्हणायचा नाही. त्यांनी बारा मजले पुरे केले, शेवटचं चित्र बघितलं, आणि जेवणाच्या सुट्टीत नोंदवही घेऊन अंगणातल्या बाकावर बसल्या. 'खेळ ४२. पूर्ण. दोष नाही.' पुढं बेरजेचा रकाना होता. चिपमधले सगळे आकडे यंत्र एकत्र करतं आणि त्या बेरजेचे शेवटचे चार आकडे दाखवतं. एक आकडा जरी बदलला, तरी बेरीज बदलते. काकूंनी लिहिलं, ६१४७. शेवटचा रकाना बनवणाऱ्याच्या सहीचा. वही घेऊन त्या दादाला शोधायला उठल्या, तोवर फाटकाला टाळं लागलं होतं. कॅसेट आत, काकू बाहेर, वही काखेत.

टाळं लावायचं मालकांचं केव्हाच ठरलेलं होतं, त्यांना फक्त निमित्त हवं होतं. फाटकावर कागद चिकटवला गेला, की बेचाळिसावा खेळ वेळेत पुरा न झाल्यानं कंपनी तोट्यात गेली. पावणेदोनशे माणसांच्या तोंडचा घास गेला आणि खापर फुटलं दादाच्या डोक्यावर. काल एका डब्यातलं खाणारे लोक आज त्याला बघून रस्ता बदलू लागले. काकू दारोदार वही घेऊन फिरल्या. लोक म्हणाले, "सख्खी बहीण आहे, ती असंच लिहिणार." दादानं गाव सोडलं, पाण्याचे मीटर वाचायची नोकरी धरली आणि कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही. चौतीस वर्षं त्यानं कुणाला सांगितलं नाही की तो काय करू शकायचा. याचा काकूंना जेवढा राग होता, तेवढा मालकांचाही नव्हता.

यंदा शहरातल्या संग्रहालयानं त्या कारखान्याचं दालन उघडायचं ठरवलं. डबे आणि कॅसेटी अर्थात काकूंच्या. संग्रहालयाच्या बाई भल्या होत्या, पण भिंतीवर लावायच्या मजकुराचा कच्चा कागद त्यांनी काकूंना दाखवला आणि काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटची ओळ होती, 'बेचाळिसावा खेळ अपूर्ण राहिला.'

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कंपनीच्या कागदांत आहे, काकू."

"आणि माझ्या वहीत काय आहे ते?"

बाईंनी वही नीट वाचली. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण भिंतीवर विश्वास नाही लिहिता येत. कॅसेट आणा, मी ओळ बदलते. दालन उघडायच्या आधी आणा म्हणजे झालं. एकदा सगळीकडे छापून गेलं की तेच खरं होऊन बसतं."

दालन उघडायला तीन आठवडे होते. काकूंनी ओळखीच्या प्रत्येक भंगारवाल्याला, दुरुस्तीवाल्याला आणि माळा असलेल्या प्रत्येक नातेवाइकाला फोन केले. नवव्या दिवशी खेळणी दुरुस्त करणारे एक म्हातारे दुकान बंद करता करता एक पोतं घेऊन आले. "काकू, यात काय आहे ते मलाही माहीत नाही. तुम्हीच तपासा." पोत्यात तारा होत्या, तुटकी बटणं होती, आणि तळाशी एक बिनचित्राची कॅसेट. तिच्या उघड्या पाठीतून चिपवरची कागदाची चिठ्ठी दिसत होती. चिठ्ठीवर निळ्या शाईत 'तपासणी: ४२ पास' असं लिहिलेलं. अक्षर काकूंचं.

काकू मटकन खाली बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. काकांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "नोंद करू का? वेळ काय लिहू?"

आता खरं तर कॅसेट खाचेत घालायची आणि बटण दाबायचं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण आधी नोंद, मग वीज! काकूंनी कॅसेट उघडली, वजन केलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. चिपचा नंबर चिठ्ठीखाली होता, म्हणून चिठ्ठी वाफेवर धरून अलगद सोडवली. सर्किट स्पिरिटनं पुसलं आणि वाळायला गच्चीतल्या टेबलावर ठेवलं. टेबलावर एका डब्याचं पिवळं पडलेलं झाकण आधीच होतं. तसली झाकणं पांढरी करायला केस उजळायचं मलम लावून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, ती तीन दिवस कडक उन्हात ठेवायची असतात. काकू सर्किटजवळ पाच मिनिटं उभ्या होत्या. मग त्यांना वाटलं, आधी दादाला सांगायला हवं, आणि तेही समोर बसून. आनंदाच्या भरात त्यांनी पिशवी भरली, झाकणाला ऊन लागतंय ना ते बघायचं काम काकांवर सोपवलं आणि बस पकडली.

दादाचं घर सहा तासांवर. तो दारातच म्हणाला, "आता कशाला ते उकरतेस?"

"उकरत नाही. सापडलीय. माझ्या हातची चिठ्ठी आहे तिच्यावर."

दादानं बहिणीची पिशवी आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "चालते का?"

"अजून वीज नाही दिली. आधी नोंद—"

"—मग वीज," दादानं वाक्य पुरं केलं आणि हसला. त्याला असं हसताना काकूंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन दिवस त्या त्याच्या मागे लागल्या. शेवटी तो म्हणाला, "येईन. पण चालू झाली तरच. त्या भिंतीसमोर उभं राहून लोकांची तोंडं बघायला नाही येणार मी."

काकू घरी पोचल्या त्या तिसऱ्या दिवशी दुपारी. काका मोठ्या अभिमानानं गच्चीत घेऊन गेले. "बघ. झाकण कसं पांढरंशुभ्र झालंय. ऊन फिरेल तसं टेबल फिरवत होतो मी. एक तास वाया घालवला नाही."

झाकणाशेजारी बेचाळिसाव्या कॅसेटचं सर्किट होतं. चिप वरच्या बाजूला. काकूंनी धावत जाऊन चिपवर तळहात ठेवला.

त्या जुन्या चिपांच्या पाठीवर काचेची एक इवलीशी खिडकी असते. खिडकीतून कडक ऊन आत गेलं की आतलं लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं. तिच्यावर चिठ्ठी लावतात ती त्यासाठीच. हे काकूंना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? अकरा वर्षांत हजारो खिडक्यांवर त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं चिठ्ठ्या दाबून बसवल्या होत्या. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, तसं झालं.

त्यांनी कॅसेट डब्यात घातली. टीव्हीवर गवंडी आला, पण त्याला डोकं नव्हतं. विटा आडव्यातिडव्या पसरल्या, कबुतरांच्या जागी ठिपक्यांचे ढीग उडू लागले, आणि तिसऱ्या मजल्यावर सगळं थिजलं. चिप वाचायच्या यंत्रावर बेरीज बघितली. ५९०२. पुन्हा वाचलं तर भलतीच.

काकांचा चेहरा उतरला. "मी फिरवलं टेबल," ते म्हणाले. "माझीच चूक."

"तुमची कसली? तुम्ही सांगितलेलं काम केलंत. चिठ्ठी मी काढली." आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? डोकं नसलेला गवंडी म्हणजे भिंतीवर 'अपूर्ण' लिहिणाऱ्यांना आयता पुरावा. आणि दादाला काय सांगायचं, की तुझा खेळ मालकांनी बुडवला नाही, मी बुडवला?

पण कितीही रडू आलं तरी नोंद करायची होती. काकूंनी वही ओढली. 'दोष: चिप अडीच दिवस उन्हात राहिली. कारण: तपासणीचा निष्काळजीपणा.' त्यापुढं कारखान्याच्या वेळेपासूनचा एक रकाना असायचा, 'पूर्वी असे घडले आहे काय?' तो रिकामा सोडायची काकूंना सवय नव्हती. म्हणून त्या कपाटापाशी गेल्या, आणि जुन्या अकरा वर्षांच्या वह्या काढून पहिल्या पानापासून चाळू लागल्या. काका शेजारी बसून पानं धरत होते.

सातव्या वर्षाच्या वहीत, चहाच्या डागाखाली, त्यांच्याच अक्षरात एक नोंद होती. 'चिप खिडकीपाशी विनाचिठ्ठी राहिली. पाच व्होल्टला नापास. सव्वाचार व्होल्टला पास. का ते कळले नाही.'

ही नोंद काकूंना आठवली. लोकांच्या घरात वीज कमी दाबानं येते, म्हणून कारखान्यात प्रत्येक कॅसेट दोनदा तपासायची रीत होती, एकदा पुऱ्या विजेवर आणि एकदा कमी विजेवर. पुऱ्या विजेला नापास झालेली फेकून द्यायची, कमी विजेला बघायचं कारणच नाही. काकूंनी तरीही बघितली होती आणि लिहूनही ठेवलं होतं. सुपरवायझरनं तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "जे कळलं नाही ते लिहिता कशाला, बाई?" सगळे हसले होते.

"आता कळतंय," काकू म्हणाल्या. आवाज एकदम तपासणीच्या टेबलामागचा झाला होता. "अहो, सगळं पुसलं गेलेलं नाही. फिकं झालंय. पुरी वीज दिली की फिकं आणि कोरं यातला फरक यंत्राला दिसत नाही. वीज कमी केली की दिसेल."

"मग कर की कमी!"

वाचायच्या यंत्राची विजेची तार त्यांनी कापली आणि तिथं आपला जुना, गोल बटण फिरवून वीज कमीजास्त करायचा पुरवठा जोडला. चिपच्या खिडकीवर आधी काळ्या चिकटपट्टीचे तीन थर दिले. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायचं. मग कामाला बसल्या. प्रत्येक पायरीला तीनदा वाचायचं, तिन्ही बेरजा काका लिहिणार. साडेचारला तीन वेगळ्या. सव्वाचारला तीन वेगळ्या, पण जवळजवळच्या. चार व्होल्टला दोन सारख्या, एक वेगळी. तीन पूर्णांक सहा दशांशला चिपनं अजिबात तोंड उघडलं नाही, म्हणजे याच्या खाली जायचं नाही. मधली जागा फार अरुंद होती. काकू बटण केसभर फिरवायच्या, थांबायच्या, वाचायच्या. असे दोन दिवस गेले. दूध उतू गेलं, त्याची नोंद काकांनी आपण होऊन केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, तीन पूर्णांक आठ दशांशला, बेरीज आली ६१४७. काकूंनी बटणाला हात न लावता पुन्हा वाचलं. ६१४७. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी डोळे मिटले.

"किती?"

"तूच बघ," काका म्हणाले, पण त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

चौतीस वर्षांपूर्वी अंगणातल्या बाकावर लिहिलेले चार आकडे आणि हे चार आकडे एकच होते! काकू खुर्चीवरून उठल्या आणि एकोणसत्तराव्या वर्षी खोलीभर नाचल्या. काकांनाही नाचवलं. मग शांतपणे चार ठिकाणी प्रती काढल्या, एक नव्या चिपवर उतरवली, आणि दादाला फोन केला. "चालते," एवढंच म्हणाल्या. उन्हाचं प्रकरण मात्र त्यांनी तो येईपर्यंत राखून ठेवलं. काही गोष्टी समोर बसूनच सांगाव्यात.

दालन उघडायच्या दिवशी दादा आला. इस्त्रीचा सदरा घालून, दारापाशीच रेंगाळत. कारखान्यातले जुने बरेच जण जमले होते. पॅकिंगवाल्या बायका, सोल्डरिंगचे डाग देणारे, आणि तो सुपरवायझरही, आता काठी टेकत. दादाला बघून दोघांतिघांनी मान फिरवली. काकूंनी दादाचा हात धरला, सगळ्यांमधून सरळ टीव्हीपर्यंत नेलं आणि लाल बटणं त्याच्या हातात दिली.

"मी नाही. मला आता जमणार नाही."

"शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मी पास म्हणत नाही. नियम माहीत आहे ना?"

पहिल्या मजल्यावर दादाची बोटं अडखळली. दुसऱ्यावर एका कबुतरानं त्याच्या चार विटा पाडल्या आणि मागून कुणीतरी हसलं. तिसऱ्यापासून बोटांना ओळख पटली. पाचव्यावर लोक पुढं सरकले. आठव्यावर एक पॅकिंगवाली ओरडली, "अहो, डावीकडून कबुतर!" दहाव्यावर सगळे ओरडत होते, सुपरवायझरची काठी हवेत होती. बाराव्या मजल्यावर, मुकादमाची शिट्टी चालू असताना, गवंड्यानं शेवटची वीट बसवली.

शिट्टी थांबली. गवंड्यानं थापी खाली ठेवली, बादलीत हात धुतले, दार उघडलं, आणि आपणच बांधलेल्या घरात जाऊन बसला. वरच्या एका खिडकीत दिवा लागला. खाली अक्षरं आली, 'काम पूर्ण.'

मग सुपरवायझर पुढं आला. "आम्हाला सांगितलं होतं की हे झालंच नाही," तो म्हणाला. "आम्ही ते खरं धरलं. चुकलं आमचं." दादानं मान हलवली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. संग्रहालयाच्या बाईंनी भिंतीवरची पाटी सगळ्यांदेखत उतरवली आणि नवी लावली. काकूंनी बेरीज जुळल्याचं कळवलं त्याच दिवशी त्यांनी ती करून घेतली होती आणि सगळ्यांसमोर बदलायची म्हणून राखून ठेवली होती. 'बेचाळिसावा खेळ, गवंडी. पूर्ण.' खाली दादाचं नाव.

काकूंनी काखेतली वही काढली. बुधवारचं पान उघडून दादापुढं धरलं. 'पूर्ण. दोष नाही. ६१४७.' पुढं बनवणाऱ्याच्या सहीचा रकाना, चौतीस वर्षं कोरा.

"आधी एक ऐक," त्या म्हणाल्या. "तुझी चिप मी अडीच दिवस उन्हात ठेवली होती. पुसत आली होती. सही करायच्या आधी तुला माहीत असावं."

दादानं बहिणीकडे बघितलं. "तू? चिठ्ठी न लावता?"

"हो. मी."

"आणि हे वहीत लिहिलंयस?"

"लिहिलंय."

दादा पोट धरून हसला, हसता हसता डोळे पुसले आणि पेन मागितलं. त्यानं सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. मग पेन उचलून विचारलं, "तारीख कोणती टाकू? त्या बुधवारची?"

"आजची टाक," काकू म्हणाल्या. "खोटी तारीख माझ्या वहीत चालत नाही."